कमी खर्चात व्हिस्कॉसिटी मोजायला कोणतं उपकरण घ्यावं?

तेल आणि लिक्विड सोप, दोन्हींची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध, म्हणजे दाटपणा) स्वस्तात कशी मोजावी, असा तुमचा प्रश्न आहे. दोन्हींना एकच उपकरण शोधू नका.

तेल किंवा ग्लिसरीन कितीही जोरात ढवळलं तरी त्याची व्हिस्कॉसिटी साधारण तीच राहते. अशा द्रवांना काचेची यू-नळी (ओस्टवाल्ड किंवा उब्बेलोडे) उत्तम. दोन खुणांमधून द्रव उतरायला लागणारे सेकंद गुणिले नळीचा स्थिरांक (त्या नळीचा ठरलेला आकडा) म्हणजे सेंटिस्टोक्समधली व्हिस्कॉसिटी. त्याला घनतेने (ग्रॅम प्रति मिलिलिटर) गुणलं की ती सेंटिपॉइज या दुसऱ्या एककात मिळते. वेळ 200 सेकंदांच्या वर जाईल अशा छिद्राची नळी निवडा. तेल फार जाड असेल तर उंच काचेच्या नळीत बेअरिंगची गोळी सोडून तिचा वेग मोजूनही काम होतं. फक्त भिंतीचा अडथळा हिशेबात धरा: नळीचा व्यास गोळीच्या दहापट असला तरी वेग सुमारे 20 टक्के कमी भरतो.

गम किंवा पॉलिमर घालून घट्ट केलेला साबण मात्र ढवळण्याच्या वेगाप्रमाणे पातळ होतो. त्याला फिरत्या स्पिंडलचा (द्रवात बुडवून फिरवायच्या दांड्याचा) व्हिस्कोमीटरच हवा, साधा डायलचा चालेल. प्रत्येक आकड्याशेजारी स्पिंडल क्रमांक, आरपीएम आणि तापमान लिहा. त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. तळाला भोक असलेला कप सगळ्यात स्वस्त, पण तो फक्त आजची बॅच कालच्यासारखी आहे का एवढंच सांगतो.

माझं ठाम मत: बजेटमधला मोठा वाटा तापमान स्थिर ठेवणाऱ्या वॉटर बाथवर आणि 0.1 अंश दाखवणाऱ्या थर्मामीटरवर घाला. पाणी 20 अंशांना 1.00 सेंटिपॉइज असतं, 25 ला 0.89. ग्लिसरीनचा आकडा तेवढ्याच पाच अंशांत जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. तापमान सांभाळलं नाही तर महागडं यंत्रही चुकीचाच आकडा देईल, फक्त जास्त दशांश स्थळांपर्यंत.

स्पिंडलवालं यंत्र वापरलेलं घ्यायला हरकत नाही. रिकामं फिरवून काटा शून्यावर स्थिर राहतो का आणि दांडा वाकलेला नाही ना, ते पाहा. मग प्रमाणित व्हिस्कॉसिटीचं तेल त्यात मोजा. वाचन पूर्ण स्केलच्या 10 टक्क्यांखाली येत असेल तर मोठा स्पिंडल लावा किंवा वेग वाढवा. तेलाचा आकडा बाटलीवरच्या आकड्याशी जुळला नाही, तर दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय यंत्र घेऊ नका.