वाचकांचे प्रश्न : स्टार्टरच्या पेटीने क्रिकेट अलर्ट लावले कसे?

या वेळी फोनच्या बिलावर आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या बॅलन्सवर इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय बाजूला ठेवून हाच घेतलाय. पत्रात कंपन्यांची नावं होती ती मी काढलीत, कारण त्यांची बाजू आपण ऐकलेली नाही.

प्रश्न : ताई, आमची रावेर तालुक्यात केळी आहे. विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलाय, त्यात सिम असतं, रात्री लाईट आली की घरून कॉल द्यायचा आणि मोटर चालू. तीन महिन्यांपासून त्या सिमचा बॅलन्स आपोआप कमी होतोय. शेवटी सिम काढून माझ्या फोनमध्ये टाकलं तर क्रिकेट अलर्टचे मेसेज धडाधड आले, दर आठवड्याला पैसे कापलेले. कस्टमर केअरवाले म्हणतात तुमच्याकडूनच चालू झालंय. वडील म्हणतात, "जाऊ दे रे भाऊ, तीस रुपयासाठी कोन भांडस?" भांडण्यासारखं आहे का?
– एक केळी उत्पादक

उत्तर : भाऊ, आहे. आणि तुमच्याइतकी पक्की केस मी तरी क्वचितच ऐकलीय, कारण एरवी कंपनी म्हणते पोराने गेम खेळताना कुठलंतरी बटण दाबलं असेल, आजोबांनी आलेल्या मेसेजला चुकून रिप्लाय दिला असेल, आणि आपल्यालाही वाटतं की असेल बुवा. तुमच्या पेटीला स्क्रीन नाही, बोट लावायला जागा नाही, ती पेटी विहिरीवर पत्र्याच्या डब्यात बंद. तिने क्रिकेटचे अलर्ट मागितले असं कोणी म्हणत असेल तर त्याने ते कागदावर दाखवावं.

कारण नियमच तसा आहे. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर नियम घालणारी सरकारी संस्था. तिने २०११ मध्ये आणि मग जास्त कडक करून जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना सांगितलं की अशी पैसे लागणारी सेवा चालू करायची तर ग्राहकाचा होकार दोनदा पाहिजे, पहिला कुठूनही आला असला तरी पैसे कापायच्या आधी परत एकदा विचारून त्याचा स्पष्ट हो घ्यायचा. म्हणून परत फोन कराल तेव्हा "माझे पैसे का कापले" असं विचारू नका, त्याला त्यांच्याकडे पाठ केलेलं उत्तर तयार असतं. विचारा की दोन्ही होकार कोणत्या तारखेला, किती वाजता, कशावरून आले ते मला लेखी द्या.

आधी ते सिम फोनमध्येच ठेवून १५५२२३ ला फोन लावा, हा नंबर अशा सेवा बंद करण्यासाठीच आहे आणि फुकट आहे, पण फोन त्याच सिमवरून लावायचा. मेसेज मात्र डिलीट करू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. मग कंपनीकडे तक्रार, आणि तक्रार नंबर मेसेजवर आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हे मी दहा वेळा सांगेन, कारण नंबर नसेल तर तुम्ही तक्रार केलीच नव्हती असं उद्या सहज म्हणता येतं. प्रीपेड असलं तरी मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशोब मागता येतो, त्याचे जास्तीत जास्त ५० रुपये घेऊ शकतात. तीस रुपयासाठी पन्नास घालवायचे हे वडिलांना पटणार नाही, पण तो कागद पुढे सगळीकडे चालतो. आणि एक बघून घ्या, ते सिम नक्की कोणाच्या नावावर आहे? बऱ्याच वेळा स्टार्टर बसवून देणाऱ्याने स्वतःच्या किंवा मुलाच्या नावावर घेतलेलं असतं आणि तक्रार ज्याच्या नावावर सिम त्यालाच करावी लागते.

उत्तर पटलं नाही तर कंपनीतच अपील करता येतं, २०१२ च्या नियमाने प्रत्येक कंपनीला ती सोय ठेवावीच लागते, फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. थेट ट्रायला पत्र लिहून बसू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

वडिलांना एवढंच सांगा की तीस रुपये कोणी भांडत नाही म्हणूनच तीस ठेवलेत, तीनशे ठेवले नाहीत. एक लाख सिमवरून महिन्याला तीस कापले तर तीस लाख होतात आणि त्या लाखातले किती जण फोन करतील? माझ्या सासूबाईंच्या फोनवर भजनाची कॉलर ट्यून लागली होती, त्यांना दोन वर्षं वाटत होतं की ती फोनसोबतच येते, आणि दर महिन्याला पैसे जात होते. मी विचारलं तर म्हणाल्या, अगं सगळ्यांचेच जातात ना.

प्रश्न : मी जळगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एवढ्या मोठ्या कंपन्या, ऑडिट होतं, सगळं कॉम्प्युटरवर, मग या चुका होतात की केल्या जातात?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : प्रत्येक चूक मुद्दाम असते असं मी म्हणणार नाही. पण ऑडिट होतं म्हणून सगळं ठीक, असंही समजू नकोस, आणि तू अकाउंट्स शिकतेस म्हणून तुला अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमचं सांगते. ही टेलिफोन कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या लाईन वापरायची आणि त्यांना त्याचं भाडं द्यायची, म्हणजे रोजचा चालू खर्च. तो खर्च त्यांनी भांडवली खर्च म्हणून दाखवला. आपल्याकडचं उदाहरण घे, ट्रॅक्टरमध्ये वर्षभर डिझेल घातलं आणि वहीत लिहिलं की नवीन ट्रॅक्टर घेतला, तर ते पैसे यंदाच्या खर्चात दिसतच नाहीत, पुढच्या कित्येक वर्षांवर थोडे थोडे पसरतात आणि यंदा नफाच नफा दिसतो. जून २००२ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा आकडा ३८० कोटी डॉलर होता, पुढे सगळा घोटाळा १,१०० कोटी डॉलरच्या आसपास गेला, आणि जुलैमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तोपर्यंतची अमेरिकेतली सगळ्यात मोठी. शोधलं कोणी माहितीये? बाहेरच्या नावाजलेल्या ऑडिटरने नाही, कंपनीच्याच अंतर्गत ऑडिटमधल्या सिंथिया कूपर आणि त्यांच्या टीमने, रात्री थांबून, कोणाला कळू न देता. मालकासारखा वावरणारा बर्नी एबर्स हा प्रमुख, त्याला २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. तू ऑडिटमध्ये जाणार असशील तर कूपर हे नाव लक्षात ठेव.

ते शेअरवाल्यांना फसवणं होतं. ग्राहकाच्या बिलात तिऱ्हाईताचे पैसे घुसवायचे त्याला तिकडे क्रॅमिंग म्हणतात. प्रेमाचे सल्ले, राशीभविष्य, रिंगटोन, कोणी न मागितलेलं, बहुतेक वेळा महिन्याला ९.९९ डॉलर. २०१४ मध्ये ए टी अँड टी या तिथल्या मोठ्या फोन कंपनीला या प्रकरणात १०.५ कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली. सरकारी यंत्रणेचं म्हणणं होतं की प्रत्येक वसुलीतला निदान ३५ टक्के वाटा कंपनी स्वतःकडे ठेवायची, आणि एकट्या २०११ मध्ये या पैशांबद्दल ग्राहकांचे १३ लाखांवर फोन कस्टमर केअरला आले होते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या १३ लाखात दिसतं. पहिल्या हजार फोनला चूक म्हणता येईल, पण एवढे फोन येऊनही वसुली चालूच राहते आणि त्यात आपला वाटा असतो तेव्हा तिला चूक कशी म्हणायची? पुढच्याच वर्षी व्हेरायझन आणि स्प्रिंट या दोघांनी मिळून १५.८ कोटी डॉलर भरले, तेही याच कारणासाठी.

प्रश्न : २८ दिवसांच्या रिचार्जला महिना का म्हणतात?
– अमळनेर

उत्तर : म्हणू नये. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, वर्षाला बाराच्या जागी तेरा रिचार्ज होतात. २०२२ मध्ये ट्रायने सांगितलंय की प्रत्येक कंपनीकडे ३० दिवसांचा निदान एक प्लॅन आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा निदान एक प्लॅन पाहिजेच. दुकानदार स्वतःहून दाखवत नाही, नाव घेऊन मागा.

प्रश्न : ताई, शहाद्याला बाजारात छत्रीखाली सिम विकत होते तिथून आईसाठी सिम घेतलं. आईचा अंगठा दोनदा घेतला, पहिल्यांदा उमटला नाही म्हणे. नंतर शेजारीण म्हणाली असं करून दुसरंच काहीतरी चालू करतात. आई घाबरलीय, म्हणते "माले काय समजस नही, तू बघ."
– एक मुलगी

उत्तर : शेतात काम करणाऱ्या हाताचा अंगठा खरंच पटकन उमटत नाही, त्यामुळे विक्रेता खरं बोलत असेलही. पण शेजारीण म्हणते तसंही घडतं, हेही तितकंच खरं. संचार साथी नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे आईचा नंबर टाकून आलेला ओटीपी दिला की आईच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, ओळखीचा नसलेला नंबर असेल तर तिथेच माझा नाही म्हणून कळवता येतं. आजच बघ.

दुसरं, आईचे अनुदानाचे पैसे कोणत्या खात्यात जातात ते बँकेत आधार दाखवून विचारून ये. २०१७ मध्ये एअरटेलच्या सिमची आधार पडताळणी करताना लोकांच्या नावाने एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली, स्पष्ट संमती न घेता, आणि आधारला शेवटी जोडलेलं खातं तेच म्हणून गॅसची सबसिडी तिकडे जायला लागली. बायका बँकेत पासबुक घेऊन चकरा मारत होत्या आणि पैसे भलतीकडेच. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ग्राहकाची ओळख पटवायची सोय, थांबवली आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटींचा दंड केला. आईला सांग, घाबरायचं नाही, पण पुढच्या वेळी दुसऱ्यांदा अंगठा मागितला तर आधी मशीनवर काय लिहिलंय ते तुला वाचू दे म्हणावं.

प्रश्न : धुळ्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पोस्टपेडचं बिल दर महिन्याला सातशेच्या आत, या वेळी अकरा हजार आलं. अपीलही फेटाळलं. वकील म्हणाले टेलिफोनच्या केस ग्राहक कोर्टात चालत नाहीत. खरं का?
– एक व्यापारी

उत्तर : आप्पा, वकीलसाहेब जुन्या निकालावर बोलत असावेत. २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तसं झालं होतं आणि पुढे कित्येक वर्षं कंपन्या तोच कागद पुढे करायच्या. पण अहमदाबादच्या एका ग्राहकाचं प्रकरण अगदी तुमच्यासारखं, महिन्याचं सरासरी बिल ५५५ रुपये आणि २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचं आलं २४,६०९. त्याने २०१४ मध्ये ग्राहक मंचात तक्रार केली, कंपनी म्हणाली मंचाला अधिकारच नाही, आणि एवढ्या एका मुद्द्यावर ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १६ फेब्रुवारी २०२२ ला कोर्टाने सांगितलं, ग्राहक मंचाला अधिकार आहे. आठ वर्षं गेली त्या माणसाची, पण तो मागे हटला नाही म्हणून तुम्हाला आता तिथून सुरुवात करावी लागणार नाही.

धुळ्याच्याच जिल्हा आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, तक्रार करा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. फोन दुकानाच्या नावावर असेल तर मात्र आधी हा मुद्दा बघा, कारण धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक म्हणायचं की नाही यावर कंपनी अडवते. छोटा धंदा स्वतःच्या पोटासाठी चालवत असाल तर ते तक्रारीत पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. मागच्या बारा महिन्यांची बिलं, तक्रार नंबर, अपिलाचं उत्तर, सगळं तारखेप्रमाणे लावा, आणि त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर एकदा नोंद करून बघा.