स्पर्धेचं नाव काढलं की लेकराचं पोट दुखतं?

गणपती ते शाळेचं गॅदरिंग, या सीझनमध्ये हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. घरात मस्त नाचणारं लेकरू स्पर्धेत नाव दिलं की पोट धरून बसतं, मग नाव काढून घ्यायचं की रेटायचं?

नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या एक ताई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). डॉक्टरांकडून पोट तपासून झालं होतं, आणि ते आधी करावंच, प्रत्येक पोटदुखीला टेन्शन समजू नये. पण टेन्शननं लहान मुलांचं पोट खरंच दुखतं हो, नाटक नसतं ते.

"मॅडम, काही समजूनच नाही राहिलं," ताई म्हणाल्या, "वरातीत डीजे लागला की हीच सगळ्यात पुढं. फर्स्ट आली तर सायकल घेऊन देतो म्हटलं हिच्या बाबांनी, तरी ऐकत नाही."

मी पोरीला म्हटलं, दाखव बरं जरा. गाणं लावलं, स्टेप्स सगळ्या पाठ, पण नजर पूर्ण वेळ आईच्या तोंडावर, आणि आई खुर्चीत बसून ओठातल्या ओठात पाच-सहा-सात-आठ. मध्येच आईच्या कपाळावर जराशी आठी पडली तशी पोरगी थांबलीच, एक हात तसाच वर. मग ताईंना बाहेर बसवून विचारलं, स्पर्धेत काय होईल गं? "चुकली तं सायकल कॅन्सल. अन् आजीनं सगळ्यांना सांगून ठेवलं न."

म्हणजे भीती स्टेजची नव्हतीच.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नर्सरीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला होता. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, आणि पुढे काही दिवसांनी बक्षीस नसताना हीच मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं तसं झालं नाही. म्हणून मी बाबांना सांगितलं, सायकल द्यायचीच आहे ना, मग स्पर्धेच्या आधीच देऊन टाका. "मग मेहनत काहून करंल ते?" अहो, वरातीत कोण देतं तिला सायकल?

स्टेप्स क्लासमध्ये होतातच, त्यामुळे घरी पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि त्यातही आईनं मोजायचं नाही, रोजचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. बाकीची तयारी स्टेजची. शिवलेली नऊवारी कमरेला टोचते हे ऐनवेळी कळून उपयोग नाही, घुंगरू-अंबाड्यासकट दोन-तीनदा घरी नाचून घ्यायचं. जमलं तर हॉल आधी दाखवून आणायचा, कारण लाइट डोळ्यावर आला की समोरचं कोणीच दिसत नाही, आई तर नाहीच नाही. आणि विसरलं तर काय, हेही आधीच ठरवायचं. आम्ही ठरवलं की जागेवर दोन गिरक्या आणि पुढचं आठवेल तिथून सुरू, प्रेक्षकांना थोडीच स्टेप्स पाठ असतात! रात्री नऊनंतर प्रॅक्टिस बंद, सहा वर्षांच्या लेकराला नऊ ते बारा तास झोप लागते. स्टेजवर जायची पाळी यायला उशीर होतोच, तेव्हा सोबत पोळीचा रोल ठेवा, मेकअप खराब होईल म्हणून उपाशी ठेवणारे आईबाप मी पाहिलेत.

पोरगी स्पर्धेत मध्येच विसरली, दोन गिरक्या मारल्या, पुढे नाचली. नंबर नाही आला. आता बाबा टीव्हीच्या ऑडिशनचं विचारून राहिले. त्यांना म्हटलं, आधी तिला विचारा, आणि बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियमही वाचून घ्या, बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त तर नाहीच.

दबाव काढल्यावरही उलट्या, अंथरूण ओलं होणं, रात्री दचकून उठणं सुरूच राहिलं तर मात्र नाव सरळ काढून घ्या. फी गेली तर गेली.