ओळखीचे शब्दच दगा देतात

प्रश्न : एम.ए.ला इंग्रजी घेतलंय. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचताना अडलेला प्रत्येक शब्द मोबाइलवर बघते, वहीत उतरवते. तरी वाक्य लागत नाही, आणि उतरवलेले शब्द आठवड्यात डोक्यातून जातात. कुठं चुकतंय?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : अडलेले शब्द तुम्ही बघताच आहात, घोटाळा न अडलेल्यांत आहे. कादंबरी १८१३ ची. नायिका एलिझाबेथ आपल्या थोरल्या बहिणीला, जेनला, ‘कँडिड’ म्हणते. आजच्या अर्थानं जेन फटकळ ठरेल, पण ती तर कुणाबद्दल वावगं बोलतच नाही! तेव्हा कँडिड म्हणजे दुसऱ्याचं चांगलंच बघणारा. पाद्री कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या ‘कॉन्डिसेन्शन’चे गोडवे गातो. आज त्या शब्दात तुच्छता आहे. तेव्हा मोठ्या घरच्यांनी आपल्याहून खालच्या दर्जाच्यांशी आपुलकीनं वागणं, म्हणजे चक्क गुण. हे ठाऊक नसेल तर कॉलिन्सची लाचारी निम्मीच कळते. ‘वाँट’ बऱ्याचदा उणीव, ‘सेन्सिबल ऑफ’ म्हणजे जाणीव असलेला. ओळखीचा शब्द आणि पात्राचं वागणं जुळेना, की थांबायचं.

प्रकरणं ६१, बहुतेक छोटी. एक प्रकरण आधी कोश न उघडता सलग वाचा. शंका आली तिथं पेन्सिलीचं टिंब. दुसऱ्या वाचनात टिंबांतले पाच-सहाच शब्द घ्या : पुन्हापुन्हा येणारे, किंवा ज्यांच्यावाचून वाक्य अडतं ते. बाकीचे खुशाल सोडा. वहीत सुटा शब्द लिहिलात तर तो जाणारच. पूर्ण वाक्य, प्रकरणाचा क्रमांक, तेव्हाचा अर्थ, आजचा अर्थ, एवढं हवं. दोन दिवसांनी, आठवड्यानं आणि महिन्यानं अर्थ झाकून नुसतं वाक्य वाचा.

मोबाइलवरचा कोश बहुधा आजचा अर्थ वर देतो. खाली ‘आर्केइक’ किंवा ‘डेटेड’ (म्हणजे जुना झालेला) अशी खूण असलेला अर्थ शोधा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ कालक्रमानं, सालवार उदाहरणांसह मिळतात. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश इंटरनेटवर फुकट आहे. तळटिपांची आवृत्ती करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारून बघा.

कादंबरीतल्या घोडागाड्यांची नावं मात्र घोकू नका, चित्रं बघा. शाहू महाराजांचा खडखडा म्हटल्यावर कोल्हापूरकराला कोश लागत नाही. तसंच श्रीमंत तरुण बिंगली चार घोड्यांच्या ‘चेझ’मधून आला म्हटल्यावर तेव्हाच्या वाचकाला त्याची ऐपत कळायची. ‘करिकल’ दोन चाकांची, दोन घोड्यांची. ‘गिग’लाही दोनच चाकं, पण घोडा एक.

प्रश्न : हे शब्द मुलाखतीत वापरले तर छाप पडेल का?

उत्तर : हसं होईल. पंधरवड्यासाठीचा ‘फोर्टनाइट’ अजून चालतो, तो वापरा. आठवड्यासाठीचा ‘सेनाइट’ वहीतच राहू द्या.