मंकूस, नक्षी आणि शिक्का

प्रश्न असा आहे: 'बार्सिलोनाचा काउंट रामोन बेरेंगेर पहिला याच्या सोन्याच्या नाण्याला मॅन्कस म्हणतात, असं वाचलं. हा शब्द आपल्या माणिक-माणक्यांपैकी आहे का? मराठीत तो कसा लिहावा?'

माणकाशी त्याचं काही नातं नाही. पण आपल्या घरातल्या दुसऱ्या एका शब्दाशी आहे, आणि तेही सख्खं. तो शब्द म्हणजे नक्षी.

अरबीत 'न-क्-श' या धातूचा अर्थ कोरणे. त्यापासून 'नक्श' म्हणजे कोरीव काम आणि 'मन्कूश' म्हणजे कोरलेला. अक्षरं कोरलेल्या दिनाराचं हे विशेषण युरोपात गेलं आणि तिथे नाण्याचंच नाव होऊन बसलं. लॅटिन 'मान्कुस', म्हणजे अधू किंवा उणा, यावरून हा शब्द आला असंही काही अभ्यासकांनी मांडलं होतं, पण आज बहुतेकांचा कल अरबीकडे आहे आणि मलाही तेच पटतं. आपल्याकडे हाच धातू फारसीतून आला. नक्षी, नक्षीदार, नकाशा ही सगळी त्याचीच लेकरं. 'त्याचा नक्षा उतरवला' म्हणतो, तो नक्षाही तिथलाच. लग्नात आहेर द्यायच्या भांड्यावर नाव घालून घेताना कारागीर ठक्‌ ठक्‌ करत ठिपक्यांनी अक्षरं उठवतो ना? ते भांडं अरबीत 'मन्कूश' झालं.

आता त्या काउंटाकडे. 1035 साली वडील वारले तेव्हा रामोन बेरेंगेर जेमतेम बारा वर्षांचा होता. कारभार आजीच्या, एर्मेसेंदाच्या, हाती. पुढे आजी-नातवाचं बिनसलं आणि 1057 मध्ये त्याने तिचे हक्क हजार औंस सोनं मोजून सोडवून घेतले. एवढं सोनं आलं कुठून? 1031 साली कोर्दोबाची खिलाफत, म्हणजे स्पेनमधली मोठी मुसलमानी सत्ता, मोडली आणि तिची लहान लहान मुसलमानी राज्यं झाली. लेरिदा, सारागोसा यांसारखी राज्यं स्वारी टाळण्यासाठी बार्सिलोनाला दरसाल सोनं भरत. त्याला तिकडे 'पारिया' म्हणत. आपल्या वाचकाला चौथाई आठवेल, आणि ते आठवणं चुकीचं नाही. कार्कासोनसारखा मुलूखही त्याने लढून नव्हे, पैसे देऊन घेतला. घरात मात्र सुख नव्हतं. त्याची बायको अल्मोदिस हिला 1071 मध्ये सावत्र मुलाने ठार मारलं. 1076 मध्ये तो स्वतः वारला.

बार्सिलोनात मंकूस पाडायला सुरुवात त्याच्या वडिलांच्या काळातच झाली होती. त्या कामाशी बोनोम नावाच्या यहुदी कारागिराचं नाव जोडलेलं आहे. रामोनचं एक नाणं डोळ्यांपुढे आणा. नमुना दक्षिण स्पेनमधल्या हम्मूदी या मुसलमानी राजघराण्यातल्या याह्याच्या दिनाराचा. मधे कूफी, म्हणजे जुन्या कोनदार, वळणाच्या अरबी ओळी, आणि कडेने लॅटिनमध्ये 'रायमुंदुस कोमेस', म्हणजे काउंट रामोन. ख्रिस्ती राजाचं नाणं, पण मधली अरबी अक्षरं तशीच. कारण बाजार त्या अक्षरांना ओळखत होता. मराठ्यांच्या टाकसाळींतून दिल्लीच्या बादशहाच्या नावाने फारसी अक्षरांचे रुपये निघत, त्यामागेही हेच होतं.

'कोमेस' या शब्दाचीही गंमत आहे. 'कोम्' म्हणजे सह आणि 'इरे' म्हणजे जाणे. म्हणजे शब्दशः सहचर, रोमन बादशहाच्या सोबतचा माणूस. पण म्हणून मराठीत त्याला सरदार म्हणू नये. फ्रान्सच्या राजाचं वर्चस्व तोवर नावापुरतं उरलं होतं आणि हा माणूस स्वतःच्या नावाने सोन्याचं नाणं पाडत होता. काउंटच ठेवावं.

जाता जाता 'शिक्का' हा शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरबी 'सिक्का' म्हणजे नाणं पाडायचा ठसा. हिंदीत तो नाणं झाला. कॅटलनमध्ये तोच 'सेका' होऊन टाकसाळ झाला. बार्सिलोनाच्या जुन्या वस्तीत टाकसाळ होती त्या गल्लीचं नाव आजही 'कारेर दे ला सेका' आहे. मराठीत मात्र तो ठशाजवळच राहिला: शिक्का मारणे, शिक्कामोर्तब, पेशवाईतली शिक्केकट्यार. मूळ अर्थ या तिघांत आपणच सगळ्यात जपला. अपवाद मराठवाड्याचा. तिथे निजामाच्या रुपयाला 'हाली शिक्का' म्हणत, आणि त्यात शिक्का म्हणजे नाणंच.

आता लिहिण्याचं. 'मॅन्कस' हा इंग्रजी उच्चार आहे. तो आठव्या शतकातल्या इंग्लंडच्या ऑफा राजाबद्दल लिहिताना चालेल. त्यानेही अरबी दिनाराची नक्कल करून मधे आपलं नाव घातलं होतं, तेही अरबी ओळींच्या मानाने उलटं. बार्सिलोनाच्या नाण्याला 'मंकूस' लिहा. कॅटलन उच्चाराच्या तो जवळ आहे आणि 'मन्कूश'ही त्यात ऐकू येतो. अनेकवचन वेगळं करायची गरज नाही: एक मंकूस, सात मंकूस.