प्रवाळ मोजायची नोकरी असते का?

सांगोल्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, ग्रुप पीसीबी. दिवाळीच्या सुट्टीत सगळे मालवणला गेले, तिथे हिने स्नॉर्कलिंग केलं आणि तेव्हापासून 'मला प्रवाळांवर काम करायचंय' हा एकच धोशा लावलाय. वडिलांच्या मते नर्सिंग नाहीतर फार्मसी. आईने तीन गोष्टी विचारल्यात: हे काम नेमकं काय असतं, त्यावर पोट भरतं का, आणि विहिरीत पोहायला शिकलेल्या पोरीला समुद्र झेपेल का?

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात सोपा आहे. विहिरीत शिकलेल्या पोरांची पाण्याची भीती आधीच मोडलेली असते. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, वेगळं शिकावं लागतं, पण त्याचा पहिला कोर्स थोड्या दिवसांत होतो. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाचं, स्कूबाचं केंद्र आहे. दमा किंवा कानाचं जुनं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. तरीही एवढ्यात त्यात पैसे घालू नका. या कामात पाण्याखालचा वेळ फार थोडा असतो.

आणि तिथेही काम मोजण्याचंच. तळाशी ठरलेल्या जागी टेप अंथरायचा, समजा पन्नास मीटरचा. टेपच्या कडेकडेने पोहत, पायातली फिन कुठेही न लागू देता, ठरावीक अंतरावर खालचा फोटो घ्यायचा. अशा अनेक रेघा. पुढच्या वर्षी पुन्हा तीच जागा, तीच पद्धत. बाकीचा सगळा वेळ जातो तो या फोटोंवर मोजण्यात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी असल्या प्रकल्पावर आहे. तिने एकदा मला लॅपटॉपवर तिचं काम दाखवलं. एका फोटोवर सॉफ्टवेअरने इकडेतिकडे ठिपके टाकलेले. प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते तिने भरायचं: जिवंत प्रवाळ, असेल तर कुठल्या जातीचं, मेलेलं प्रवाळ, शेवाळ, वाळू. एका ठिपक्यावरून तिचा आणि सहकाऱ्याचा वाद झाला, हे शेवाळ चढलेलं मेलेलं प्रवाळ की नुसताच खडक? माझा चहा गार झाला तरी निकाल लागेना. असे फोटो त्या मोसमात हजारावर होते. तुमच्या लेकीला मालवणच्या पाण्यात जे दिसलं ते सुंदरच होतं, पण रोजची नोकरी म्हणजे हा ठिपका.

एवढा कीस कशाला? प्रवाळ हा प्राणी आहे, आणि त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला रंग देतं, बरंचसं अन्नही देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जरी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नव्हे. पाणी लवकर निवलं तर रंग परततो, नाही निवलं तर महिन्या-दोन महिन्यांत त्यावर शेवाळाचा थर चढतो. म्हणजे एप्रिलमध्ये पाहिलेल्या पांढऱ्या प्रवाळाचं काय झालं, हे पावसाळा संपल्यावर पुन्हा तिथेच गेल्याशिवाय कळत नाही.

तुमची डाळिंबाची बाग आहे असं लिहिलंय, म्हणून एक विचारते. तेल्या रोग आधी कुठल्या ओळीत दिसला, मागच्या बहाराला किती झाडं गेली, हे यजमानांनी कुठेतरी टिपून ठेवलंच असेल. मग त्यांना हे काम माझ्यापेक्षा लवकर कळेल.

लक्षद्वीपचं उदाहरण घ्या. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे शास्त्रज्ञ 1998 पासून तिथलं प्रवाळ मोजताहेत. 1998, 2010 आणि 2016 असे उष्णतेचे तीन मोठे तडाखे त्यांनी टिपले. 1998 साली जिवंत प्रवाळाचं आच्छादन 37 टक्क्यांच्या आसपास होतं, 2022 मध्ये ते 19 वर आलं. त्याहून मोलाची गोष्ट आकड्यांच्या आत होती: पुढच्या पुढच्या तडाख्यांत मरतूक कमी झाली, पण सावरण्याचा वेगही मंदावला, आणि सलग सहाएक वर्षं उसंत मिळाली तेव्हाच तो वाढला. मधली दहा वर्षं कोणी कंटाळा केला असता तर हे कळलंच नसतं.

आता पोटाचं. स्पष्ट सांगते, कायम नोकऱ्या मोजक्या आहेत. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था), झूलॉजिकल सर्व्हे, चेन्नईचं किनारा संशोधन केंद्र, काही स्वयंसेवी संस्था. सुरुवात बहुतेक ठिकाणी प्रकल्पावर, आणि प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. नर्सिंगइतकी खात्री यात नाही, यजमानांचं तेवढं म्हणणं खरं आहे.

वाट अशी: प्राणिशास्त्रात बी.एस्सी., मग कोचीन विद्यापीठ, अण्णामलाईचं परंगीपेट्टई केंद्र किंवा पाँडिचेरी विद्यापीठाचं पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) केंद्र इथे मरीन बायोलॉजीत एम.एस्सी. बी.एस्सी.च्या वर्षांत संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकलंच पाहिजे. पीसीबी घेऊन गणितापासून सुटले असं वाटणारी मुलं इथेच अडकतात. आणि तिला एक आत्ताच सांगून ठेवा: प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे.

निर्णय आज नको. बारावीचा अभ्यास आणि नीट परीक्षेची तयारी चालू राहू दे. सोबत तिला एक वही द्या. दर रविवारी एकाच वेळी, विहिरीच्या एकाच दगडापासून दगड बांधलेली दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि लिहायचं. मोटर त्या दिवशी चालली होती का, तेही लिहायचं. एखादा रविवार चुकला तर रकाना कोरा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. जूनमध्ये ती वही घेऊन दोघी या. कोरे रकाने किती आहेत ते मी आधी बघेन.