या तिघांच्या रक्तातच वैर आहे असं तुमचा मित्र म्हणतो, म्हणून तुम्ही मला विचारलंत: ज्यूंना जास्त कुणी छळलं, ख्रिश्चनांनी की मुसलमानांनी? आणि आपल्याकडे या तिघांचं कसं होतं?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. ख्रिश्चनांनी. मी स्वतः ख्रिश्चन आहे, ठाण्याचा ईस्ट इंडियन (म्हणजे इथलाच मराठी बोलणारा) कॅथलिक, आणि हे लिहिताना मला आडवळण घ्यायचं नाही. पहिल्या क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेम जिंकायच्या धर्मयुद्धाला, निघालेल्या झुंडींनी जेरुसलेम गाठण्याच्या कितीतरी आधी, 1096 मध्ये, जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइंझ या गावांतले ज्यू कापून काढले. 1215 मध्ये रोममधल्या चर्चच्या लॅटरन परिषदेनं ज्यूंनी आणि मुसलमानांनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा असा ठराव केला. 1290 मध्ये इंग्लंडनं त्यांना हाकललं, 1492 मध्ये स्पेननं. स्पेनमधून निघालेल्यांपैकी हजारोंना आसरा दिला तो तुर्कांच्या ओटोमन सुलतान दुसऱ्या बायझीदनं. हे सगळं तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल.

मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी. "आपल्याकडे."

आम्ही टेंभी नाक्याजवळच्या चाळीत राहायचो. आमच्या शेजारच्या खोलीत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं. घरातले कर्ते पुरुष रेल्वेत पार्सल ऑफिसात होते, सगळी चाळ त्यांना दादा म्हणायची. त्यांचा मधला मुलगा माझ्या वर्गात. खाली तळमजल्यावर एक कोकणी मुसलमान कुटुंब होतं. ते लोक दादांच्या घरी मटण निर्धास्त खायचे, आमच्याकडे मात्र फक्त चहा, कारण आमच्या घरात डुकराचं इंद्याल शिजायचं. आमच्या आईला याचं कधी वाईट वाटलं नाही. ती ईदला खाली केक पाठवायची, तोही दादांच्या घरच्या भांड्यात.

भाषा तर अशी गुंतलेली की बाहेरच्याला कळू नये. आम्ही चर्चला देऊळ म्हणायचो, अजूनही म्हणतो. दादांच्या घरचे सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणायचे. "आज मशिदीत जायचंय," असं दादांची आई म्हणाली की ती 1879 साली बांधलेल्या टेंभी नाक्याच्या सिनेगॉगबद्दल बोलत असायची. मुंबईत समाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये जे सिनेगॉग बांधलं त्यालाही त्यांचे लोक जुनी मशीद म्हणतात. त्यामुळे मला लहानपणी असं वाटायचं की देव एकच आहे आणि जागेची नावं माणसांनी आपापल्या सोयीनं अदलाबदल करून घेतलीत.

आता 1975 चा गुड फ्रायडे. त्या वर्षी दादांच्या घरचा वल्हांडणाचा सण आणि आमचा पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा) एकत्र आले होते. गुरुवारी सकाळी दादांच्या आईनं मला बिनखमिराची भाकर दिली, संध्याकाळी देवळात बायबलच्या निर्गम पुस्तकातलं वल्हांडणाचं वाचन झालं, त्यात बेखमीर भाकर आली, आणि मी आईच्या कानात म्हणालो, "ही मी सकाळीच खाल्ली." मला अकरावं चालू होतं. शुक्रवारी दुपारी योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहनाचं वाचन झालं. त्यात यहूदी हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. यहूदी ओरडले, यहूदी म्हणाले. हे यहूदी कोण असतील याचा मी कधी विचारच केला नव्हता. आमच्या शेजारी राहायचे ते इस्राएल लोक. यहूदी वेगळे, पुस्तकातले, दाढीवाले, दुष्ट.

घरी आल्यावर पेज आणि चटणी खाताना मी मामांना विचारलं, यहूदी आता कुठे असतात? मामा देवळात मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. दोन-तीन महिन्यांपूर्वीच ते जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन घेऊन आले होते आणि घरात सतत त्याबद्दल बोलत असायचे. मामांनी हातातला चमचा भिंतीकडे दाखवला आणि म्हणाले, "हे काय, पलीकडे."

मी त्याच संध्याकाळी गॅलरीत जाऊन माझ्या मित्राला म्हणालो, "तुम्ही आमच्या देवाला मारलंत."

तो काही बोलला नाही. आत गेला. तासाभरानं दादा आमच्या दारात उभे राहिले. कामावरून नुकतेच आले होते, अंगात अजून रेल्वेचा सदरा होता. आत आले, बसले. वडिलांना म्हणाले, "भाऊ, मी भांडायला आलो नाही. एक हिशेब विचारायला आलोय. आमचे म्हातारे सांगत आले की आमचं गलबत नवगावला फुटलं तेव्हा सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ते येशूच्या जन्माआधी पावणेदोनशे वर्षं. तेव्हापासून आम्ही इथेच तेलाचे घाणे फिरवतोय. मग तुमच्या देवाला मारायला आमच्यातलं कोण गेलं होतं?"

वडील मान खाली घालून बसले होते. त्यांनी माफी मागितली असती, मला खात्री आहे. पण मामा मध्ये बोलले. मत्तयच्या 27 व्या अध्यायातलं ते वाक्य त्यांना पाठ होतं, त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो हे लोकांनी म्हटल्याचं. "रक्त तेच ना," मामा म्हणाले. "कुठेही गेलात तरी रक्त तेच."

दादा उठले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. मला आजही त्या हाताची लाज वाटते.

1979 मध्ये ते कुटुंब इस्राएलला गेलं, दिमोना गावी. त्या चार वर्षांत आमचं बोलणं चालूच राहिलं, सणाच्या भांड्यांची देवघेवही राहिली, पण पवित्र आठवड्यात दादांच्या घराचं गॅलरीकडचं दार बंद असायचं. ते आधी कधीच बंद नव्हतं.

आता माझं म्हणणं. कोकणात ख्रिश्चन आणि ज्यू यांच्यात स्वतःचं असं कुठलंही भांडण नव्हतं. जमिनीचं नाही, धंद्याचं नाही, पाण्याचं नाही. ते वैर पोर्तुगालहून जहाजातून आलं. आणि ज्या माणसानं ते इथे मागवलं त्याच्याच दर्शनाला मामा रांगेत उभे राहिले होते. 16 मे 1546 ला झेवियरनं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्म चुकवणाऱ्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, मागितलं. कारण दिलं ते असं की इथे कितीतरी लोक मोशेच्या (म्हणजे ज्यू) आणि मुसलमानी धर्माप्रमाणे राहतात. इन्क्विझिशन गोव्यात आलं 1560 मध्ये, झेवियरच्या मृत्यूनंतर, आणि मधली थोडी वर्षं सोडता 1812 पर्यंत टिकलं.

त्यात काय झालं हे एका माणसावरून समजून घ्या. गार्सिया द ओर्ता. आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये 1497 साली सक्तीनं बाप्तिस्मा झालेले. हा डॉक्टर होऊन 1534 मध्ये गोव्याला आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याच्याकडून उपचार करून घ्यायचा, त्याच्या दरबारातल्या हकिमांशी ओर्ताच्या चर्चा चालायच्या. मुंबई बेट त्याच्याकडे भाड्यानं होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जिवंत जाळलं. आणि 1580 मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळली. मुसलमान राजानं ज्याच्या हाती आपली नाडी दिली त्याची हाडंसुद्धा आमच्या लोकांना सहन झाली नाहीत. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ते पोर्तुगीज, आम्ही नव्हे. म्हणजे आम्ही म्हटलं तर रक्त वेगळं, आणि दादा म्हणाले तर रक्त तेच.

बेने इस्राएल या तावडीतून सुटले. मला वाटतं त्याचं कारण एवढंच की त्यांना ज्यू म्हणून कुणी ओळखतच नव्हतं. गावाच्या लेखी ते शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. नंतर एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशननं कोकणात शाळा काढल्या, जॉन विल्सननं 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. हेतू बाटवण्याचा होता. बाटले फार थोडे. बाकीचे हिब्रू शिकून, मराठीतला जुना करार वाचून आधीपेक्षा पक्के इस्राएल झाले, 1880 नंतर तर मोशे आणि योसेफावर मराठी कीर्तनं करू लागले. या शाळांबद्दल मला आदर आहे, हेतू पटत नसला तरी.

मुसलमानांबद्दलही तुम्ही विचारलंय. मामांकडे त्याचंही उत्तर तयार असायचं: ठाण्यातच आमचे चार संत मुसलमानांनी मारले. हे खरं आहे. एप्रिल 1321 मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि आणखी तीन फ्रान्सिस्कन साधूंना ठाण्यात मारलं. चीनला निघालेलं त्यांचं गलबत इकडे लागलं होतं. पण मामा गोष्ट अर्धी सांगायचे. त्या साधूंना घरात ठेवून घेतलं ते ठाण्यातल्या नेस्टोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या जुन्या पूर्वेकडच्या पंथाच्या, ख्रिश्चनांनी. म्हणजे पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधी मुसलमानी अंमलात ठाण्यात ख्रिश्चन घरं होती आणि ती कुणी जाळली नव्हती. ज्या घरात ते उतरले तिथे नवराबायकोचं भांडण झालं, बायको काझीकडे गेली, साक्षीला साधूंना बोलावलं आणि तिथे काझीनं त्यांना पैगंबरांबद्दल विचारलं. त्यातून पुढचं घडलं. त्यांची हाडं गोळा करून नेणारा ओडोरिक नावाचा साधू हेही लिहून गेलाय की या हत्येबद्दल दिल्लीच्या सुलतानानं ठाण्याच्या अधिकाऱ्याला देहदंड दिला. ही शेवटची ओळ मी मामांना वाचून दाखवली होती. ते म्हणाले, मला माहीत नव्हतं. एवढं त्यांनी कबूल केलं.

थोडं उलट बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही माझं उत्तर कुणावर तरी फेकून माराल. मुसलमानी मुलखांत ज्यू आणि ख्रिश्चन सुरक्षित असले तरी बरोबरीचे नव्हते. जिझिया होता, बंधनं होती. 1066 मध्ये ग्रानाडात ज्यूंची कत्तल झाली. बाराव्या शतकात अल्मोहद या मुसलमान राजवटीनं स्पेनमध्ये ज्यू आणि ख्रिश्चन दोघांवर सक्ती केली, ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदिसच्या कुटुंबाला कोर्दोबा सोडावं लागलं ते त्यातच. आणि कोकण म्हणजे स्वर्ग होता असंही नाही, पोर्तुगीजांनी या पट्ट्यात हिंदूंची देवळं आणि मुसलमानांच्या मशिदी दोन्ही पाडल्या. शिवाय दादांच्या समाजातले जे आधी इस्राएलला गेले त्यांना तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, विचारलं की तुम्ही खरे ज्यू कशावरून. त्यासाठी त्यांना उपोषणं-आंदोलनं करावी लागली, 1964 मध्ये कुठे तो प्रश्न मिटला.

कॅथलिक चर्चनं स्वतःची चूक दुरुस्त केली हे मी अभिमानानं सांगतो. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला ज्यूंना अविश्वासू म्हणणारा शब्द पोप तेविसाव्या जॉननं 1959 मध्ये काढला. 28 ऑक्टोबर 1965 ला व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट लादता येत नाही आणि आजच्या ज्यूंवर तर नाहीच. म्हणजे मामा आमच्या घरात ते वाक्य बोलले तेव्हा या घोषणेला साडेनऊ वर्षं होत आली होती आणि ते मुलांना धर्म शिकवत होते. हे त्यांना मी 1990 नंतर कितीदा दाखवलं. ते म्हणायचे, रोमच्या कागदांनी शास्त्र बदलत नाही.

मार्च 2000 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल जेरुसलेमला गेले. पश्चिम भिंतीसमोर थरथरत्या हातानं त्यांनी क्षमेच्या प्रार्थनेची चिठ्ठी दगडांच्या फटीत ठेवली ते आम्ही घरी टीव्हीवर पाहिलं. मामा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. बराच वेळ गप्प बसले, मग मला विचारलं, "पलीकडचे दादा आता कुठे असतात?"

मी म्हणालो, "वारले. चार वर्षं झाली."

तेव्हा तुमचा जो मित्र म्हणतो की या तिघांच्या रक्तातच वैर आहे, त्याला विचारा की कुठल्या गावात, कुठल्या साली, कुणाच्या. त्याला उत्तर देता येणार नाही. आणि खरंच पाहायचं असेल तर अलिबागजवळ नवगावला जा, त्या बुडालेल्या गलबतातल्या माणसांना जिथे पुरलं असं सांगतात तिथे स्मारक आहे. ठाण्याचं सिनेगॉग पाहायचं असेल तर शनिवारी जाऊ नका, त्यांची प्रार्थना असते. माणसं आता थोडी उरलीत, आधी कुणाला तरी विचारून, ओळख सांगून जा.