सभासदांच्या यादीत एकाच गावाची अनेक रूपे आली असतील, तर एक्सेलमध्ये ती एकसारखी कशी करावीत?

दापोली तालुक्यातील आपल्या वाचनालयाची जुनी सभासद नोंदवही चौघांनी वाटून घेऊन एक्सेलमध्ये उतरवली, आणि आता गावनिहाय मोजणी केली की एकच गाव तीन-तीन वेळा वेगळे मोजले जाते, अशी आपली अडचण आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाचनालयाची अशीच यादी दोन पावसाळ्यांपूर्वी मी नीट केली, तो अनुभव येथे देतो.

मूळ रकान्याला अजिबात हात लावू नये. शेजारी नवा रकाना घालून सगळी दुरुस्ती तेथे करावी, म्हणजे शंका आली की नोंदवहीतले रूप समोरच असते. यादीत दोन तऱ्हेचे फरक असतात. जे डोळ्यांना दिसत नाहीत ते सूत्रावर सोपवावेत. जे दिसतात ते त्या गावांची माहिती असलेल्या माणसाने ठरवावेत.

न दिसणाऱ्यांत पहिली येते ती मोकळी जागा. ट्रिम हे सूत्र शब्दाच्या आगेमागे राहिलेल्या आणि मध्ये दुप्पट पडलेल्या जागा काढते. मात्र वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची जी न तुटणारी जागा येते, ती त्याला कळत नाही. ती आधी सब्स्टिट्यूट या एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणाऱ्या सूत्राने साध्या जागेत बदलावी आणि मग ट्रिम चालवावे.

दुसरा फरक खास मराठीचा आहे आणि माझे सर्वाधिक दिवस त्यातच गेले. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यातल्या ‘ऱ’साठी स्वतंत्र अक्षर उमटते, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह येते, ज्याचा युनिकोडमधील (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रणालीतील) क्रमांक ८२०५ आहे. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण लेन या लांबी मोजणाऱ्या सूत्राने मोजले तर पहिल्याची लांबी ५ भरते आणि दुसऱ्याची ६. अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकावीत, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. मराठी यादीसाठी तो घातक आहे, कारण हे चिन्ह गेले की दऱ्यांचा दर्या होतो आणि कुऱ्हाडे आडनावाचा माणूस ‘कुर्हाडे’ होऊन बसतो. म्हणून आधी सब्स्टिट्यूटनेच र, हलन्त आणि युनिकॅर ८२०५ (युनिकॅर हे सूत्र क्रमांकावरून चिन्ह देते) या तिघांच्या जागी ‘ऱ्’ घालावे, आणि त्यानंतरच उरलेली जोडचिन्हे काढावीत. ‘ॲ’चेही असेच आहे: युनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला, आणि अजूनही अनेक जण ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहितात. पिनकोड कुणी देवनागरी अंकांत तर कुणी इंग्रजी अंकांत लिहिला असेल, तर तेही एकाच प्रकारचे करून घ्यावेत.

आता दिसणारे फरक. पिव्होट टेबल या एक्सेलमधील मोजणीच्या सोयीने गावांच्या सर्व रूपांची संख्येसह यादी काढावी आणि वेगळ्या शीटवर दोन रकाने करावेत: डावीकडे लिहिलेले रूप, उजवीकडे आपण ठरवलेले. ‘मु.पो.हर्णै’, ‘मु. पो. हर्णे’, ‘हर्णै बंदर’ या तिघांसमोर ‘हर्णै’ लिहिले की व्हीलुकअप हे तक्त्यात शोधून शेजारचे मूल्य देणारे सूत्र बाकीचे काम करते. जुळणी मात्र तंतोतंत ठेवावी, म्हणजे तक्त्यात नसलेले रूप चूक म्हणून लगेच वर येते.

हा तक्ता भरताना घाई करू नये. मुरुड दापोली तालुक्यात आहे तसे रायगड जिल्ह्यातही आहे. मी फक्त गावाच्या नावावरून तक्ता केला होता, त्यामुळे दापोलीच्या मुरुडमधील सभासदांची निमंत्रणे रायगडात गेली, आणि आमचे दोन वयोवृद्ध सभासद कार्यक्रमाला मुकले. याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी गाव आणि तालुका जोडूनच जुळणी करतो. जिल्ह्याचा रकानाही तपासावा: १९८१ पूर्वीच्या नोंदींत मालवण, देवगड, वेंगुर्ले यांपुढे ‘जि. रत्नागिरी’ असते, आणि ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या वर्षीच वेगळा झाला.

नोंदी काही हजार असतील तर ओपनरिफाइन हे सारख्या दिसणाऱ्या नोंदींचे गट सुचवणारे सॉफ्टवेअर वापरावे. ते मोफत आहे आणि आपल्याच संगणकावर चालते, त्यामुळे सभासदांचे फोन क्रमांक बाहेर जात नाहीत. त्यातील फिंगरप्रिंट पद्धत शब्दांचा क्रम विचारात घेत नाही, म्हणून आडनाव आधी लिहिलेले आणि नंतर लिहिलेले नाव ती एकत्र दाखवते. उच्चारावर आधारलेल्या पद्धती रोमन लिपीसाठी केलेल्या आहेत. आपल्याला त्यांचा उपयोग नाही. अक्षरांतील अंतर मोजणारी पद्धत सैल ठेवली तर दापोलीची केळशी आणि वेंगुर्ल्याचे केळूस हीसुद्धा एकच म्हणून सुचवली जाऊ शकतात, तेव्हा प्रत्येक गट वाचूनच मान्य करावा.

दुबार नोंदी नावावरून काढू नयेत. आपल्याकडे अख्ख्या वाडीचे आडनाव एक असते आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवलेले असते. सभासद क्रमांक आणि जन्मवर्ष पाहूनच निर्णय घ्यावा. सगळे झाले की गावाच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशन (रकान्यात काय भरता येईल हे ठरवणारी एक्सेलची सोय) लावून उजवीकडच्या ठरलेल्या नावांची यादी जोडावी, म्हणजे नवीन सभासद नोंदवणाऱ्याला गाव टाइप न करता निवडावे लागेल.